दोनदा जळलेली धार

टूसॉनमध्ये कुठेही उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की कॅटालिना डोंगर दिसतोच. गाव साधारण २४०० फुटांवर आणि डोंगराचं सर्वांत उंच टोक, माउंट लेमन, नऊ हजार फुटांच्याही वर. (आपली कळसूबाई ५४०० फूट, म्हणजे अंदाज यावा.) पायथ्याशी सवारो निवडुंगांचं वाळवंट, वर पाइन आणि फरचं जंगल, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त तासाभराचा घाटरस्ता. खाली उकाड्याने जीव नकोसा झालेला असताना वर स्वेटर लागतो. वाळवंटाच्या समुद्रातून अशी हिरवी डोकी वर काढलेले बरेच डोंगर ॲरिझोनाच्या या दक्षिण भागात आहेत. इथे त्यांना 'आकाशातली बेटं' म्हणतात.

तर मंडळी, ही पोस्ट अशाच एका बेटावरच्या एका धारेबद्दल आहे. २०२४च्या नोव्हेंबरात दिवाळीच्या निमित्ताने मामा-मामी आमच्याकडे आले होते, तेव्हा मामांबरोबर ऑरॅकल रिज नावाच्या धारेवर दिवसभर भटकलो. फोटो घरच्या सगळ्यांकडे पोचले आहेतच, आणि "एवढ्या लांब अमेरिकेत जाऊन जळकी झाडं काय बघायची?" हा पुण्याहून आलेला प्रश्नही माझ्याकडे पोचला आहे. :-) हे लिखाण म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर समजा.

मामांची ओळख घरच्यांना नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. मामा वनखात्यातून निवृत्त झाले. जवळजवळ सगळी नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात. वय सत्तरीच्या पुढे, पण चालायला लागले की आपणच मागे पडतो. त्यांना जळलेलं जंगल दाखवायला नेणं म्हणजे निवृत्त शिक्षकाला दुसऱ्या गावची शाळा दाखवण्यासारखं. गप्प बसणार नाहीत याची खात्री होती!

ऑरॅकल रिज ही माउंट लेमनच्या अंगाखांद्यावरून निघून उत्तरेला ऑरॅकल गावाकडे उतरत जाणारी लांबच लांब धार. वरच्या समरहेवन वस्तीजवळ पायवाट सुरू होते, आणि मेक्सिकोच्या सीमेपासून युटापर्यंत जाणाऱ्या 'ॲरिझोना ट्रेल'चा ती एक टप्पा आहे. डावीकडे कान्याडा देल ओरोची खोल दरी, उजवीकडे दूरवर सान पेद्रो नदीचं खोरं आणि त्यापलीकडे गॅल्युरोच्या निळ्या रांगा. पूर्ण धार एका दिवसात करायचा आमचा विचार नव्हता. डॅन सॅडल नावाच्या खिंडीच्या दिशेने जमेल तेवढं जायचं, डबा खायचा आणि परत यायचं, एवढाच बेत. जाताना उतार आणि परतताना चढ असा हा उलटा हिशोब आहे, त्यामुळे दम राखून चालावं लागतं.

पहिल्या अर्ध्या तासात मामा काहीच बोलले नाहीत. मग एका वळणावर थांबून म्हणाले, "ही दोन वेळेची जळीत आहेत."

बरोबर होतं. या धारेवर मेलेल्या झाडांच्या दोन पिढ्या उभ्या आहेत. एक पिढी रुपेरी-करडी. साल गळून गेलेली, ऊन-पाऊस खाऊन गुळगुळीत झालेली खोडं. ही २००३ची. दुसरी काळी, हात लावला तर बोटाला कोळसा लागतो. ही २०२०ची. काही ठिकाणी रुपेरी खोड निम्म्यापर्यंत काळं झालंय, म्हणजे एकदा मेलेलं झाड पुन्हा जळलंय. आणि या सगळ्यांच्या पायाशी कमरेएवढं, कुठे छातीएवढं झुडुपांचं रान: मुळापासून फुटलेले बुटके ओक, लालबुंद सालीची मांझानिता, काटेरी लोकस्ट. पाइनचं रोप शोधावं लागत होतं.

२००३ची आग 'ॲस्पेन फायर' म्हणून ओळखली जाते. १७ जूनला समरहेवनजवळच्या ॲस्पेन ट्रेलवर ती सुरू झाली, माणसाच्या हातून. जवळजवळ महिनाभर धुमसत तिने ८४,७५० एकर जाळले आणि समरहेवनमधली सुमारे ३४० घरं-दुकानं राख केली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००२ साली, 'बुलक फायर'ने डोंगराच्या दुसऱ्या अंगाचे तीस हजार एकर घेतले होते. मग २०२०. ५ जूनला पश्चिमेकडच्या पुश रिजवर वीज पडली आणि 'बिगहॉर्न फायर' सुरू झाली. सगळं जग कोविडमुळे घरात कोंडलेलं, आणि टूसॉनकर रोज रात्री अंगणातून डोंगरावरची लाल रेघ सरकताना बघताहेत. या वेळी समरहेवन वाचलं, पण जवळजवळ १ लाख २० हजार एकर जळले. अठरा वर्षांत तीन आगी, आणि त्या मिळून जवळपास सगळा डोंगर.

आता यावर सहज सुचणारं वाक्य म्हणजे "आगीने जंगलाचा नाश केला." पण या डोंगराचा इतिहास वाचायला घेतला की ते वाक्य अर्धवट वाटू लागतं. कारण हे जंगल आगीतच वाढलेलं आहे.

हे कळलं कसं, त्याची गोष्ट मोठी मजेची आहे, आणि ती टूसॉनचीच आहे. अँड्र्यू एलिकॉट डग्लस नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ १८९४ साली लॉवेल वेधशाळेसाठी जागा शोधायला ॲरिझोनात आला. त्याला सूर्यावरच्या डागांचं चक्र शोधायचं होतं. त्याला वाटलं, सूर्याचा परिणाम पावसावर होत असेल तर पावसाचा परिणाम झाडाच्या वाढीवर होणारच, म्हणजे सूर्याची जुनी रोजनिशी झाडाच्या वर्तुळांत सापडेल. सूर्याचं चक्र त्याला हवं तसं सापडलं नाही, पण ओल्या वर्षी जाड आणि कोरड्या वर्षी बारीक अशा वर्तुळांच्या नक्षीवरून लाकडाचं नेमकं वर्ष सांगता येतं हे मात्र सापडलं. त्यातून अख्खं नवं शास्त्र उभं राहिलं. १९३७ साली टूसॉनच्या विद्यापीठात त्याने वृक्षवर्तुळांची प्रयोगशाळा काढली, आणि ती पुढे कित्येक दशकं फुटबॉल स्टेडियमच्या बैठकांखाली नांदत होती. वर सामना चाललेला, आणि खाली शेकडो वर्षांच्या ओंडक्यांच्या चकत्या रचून ठेवलेल्या!

पुढे थॉमस स्वेटनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रयोगशाळेतून आगींचा इतिहास काढला. पाँडरोसा पाइनची साल जाड असते. जमिनीवरचं गवत आणि वाळक्या सुया जाळत जाणारी बुटकी आग या झाडाला मारत नाही, फक्त बुंध्याच्या एका बाजूला चटका देऊन जाते. झाड त्या जखमेवर नवं लाकूड चढवू लागतं, तोवर पुढची आग येते आणि आणखी एक चटका देते. बुंध्याशी एक त्रिकोणी खळगा तयार होतो आणि त्याच्या कडेला एकामागे एक व्रण साठत जातात. मेलेल्या झाडाची चकती घासून भिंगाखाली धरली की कोणत्या वर्षी आग लागली ते कळतं. व्रण वर्तुळात कुठे आहे त्यावरून उन्हाळ्याच्या आधी की नंतर, हेही कळतं.

अशा शेकडो झाडांनी दिलेली साक्ष एकच आहे. या भागातल्या पाइनच्या जंगलात दर पाच-दहा वर्षांनी जमिनीलगतची आग फिरून जायची. शतकानुशतकं. बहुतेक आगी विजेच्या, काही माणसांनी लावलेल्या. कधी एखाद्या वर्षी सगळीकडेच. १७४७ साल ओलं गेलं, गवत माजलं, आणि १७४८ साल कोरडं निघालं, तेव्हा ॲरिझोना-न्यू मेक्सिकोतल्या कितीतरी डोंगरांवर एकाच वर्षाचे व्रण सापडतात. (इकडे साताऱ्यात शाहू महाराजांची अखेरची वर्षं चालली होती तो काळ.) त्या आगींनी जंगल संपलं नाही. उलट खालची दाटी साफ होत राहिली, मोठी झाडं सुटी-सुटी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की गवतातून उभ्या असलेल्या या मोठ्या झाडांमधून घोडागाडी सहज हाकता येत असे.

आणि मग साधारण १८८० ते १९००च्या दरम्यान व्रण थांबतात. डोंगरामागून डोंगर, चकतीमागून चकती, तेच. जणू कुणीतरी नळ बंद केला.

धारेवर एका ठिकाणी असा खळगा असलेलं जुनं खोड सापडलं. मामा उकिडवे बसून बराच वेळ त्या कडांवरून बोट फिरवत होते. म्हणाले, "आमच्याकडे सागाच्या बुंध्यालाही असे डाग असतात. आम्ही त्याला खराबी म्हणायचो. लाकडाचा भाव उतरायचा. ही नोंदवही आहे असं कुणी सांगितलं नाही."

नळ कुणी बंद केला? पहिलं उत्तर आगगाडी. २० मार्च १८८० रोजी सदर्न पॅसिफिक रेल्वे टूसॉनला पोचली. गुरं बाजारात नेण्याची सोय झाल्याबरोबर दक्षिण ॲरिझोनात गुरांचे आणि मेंढ्यांचे लोंढे आले. दहा-बारा वर्षांत त्यांनी गवत असं खाल्लं की १८९१ ते १८९३च्या दुष्काळात चरायला काही उरलं नाही आणि निम्म्याहून अधिक जनावरं मेली, असे अंदाज आहेत. बुटकी आग गवतावर चालते. गवतच नाही म्हटल्यावर विजेची ठिणगी जागच्या जागी विझायला लागली. त्याच सुमाराला, १८८६ साली, जेरोनिमोने शरणागती पत्करली आणि अपाची लोकांचा या डोंगरांतला मोकळा वावर संपला. त्यांनी लावलेल्या आगीही त्यांच्याबरोबर गेल्या.

इथे मला सारा प्लमर लेमनची आठवण येते. माउंट लेमन हे नाव तिचं. ही वनस्पतिशास्त्रज्ञ बाई १८८१ साली नवऱ्याबरोबर मधुचंद्राला इथे आली, आणि मधुचंद्र म्हणजे काय, तर झाडपाला गोळा करत डोंगर चढणं! दक्षिणेच्या, म्हणजे टूसॉनच्या बाजूने चढायचे त्यांचे प्रयत्न फसले. मग दोघं वळसा घालून उत्तरेला ऑरॅकलकडे गेले आणि तिथल्या स्ट्रॅटन नावाच्या रँचवाल्याच्या मदतीने, याच बाजूने, शिखरावर पोचले. वरच्या एका झाडावर त्यांनी नावं कोरली म्हणतात. (मूळच्या ओऽधम लोकांनी या डोंगराला आधीच नाव दिलेलं होतं: बबाद दोआग, बेडकांचा डोंगर. पण नकाशे करणाऱ्यांनी त्यांना विचारलं नाही.) साराने पाहिलेलं जंगल मला पाहायला आवडलं असतं. रेल्वे येऊन एक वर्ष झालं होतं. जुन्या आगींनी घडवलेलं ते मोकळं जंगल त्याच्या जवळजवळ अखेरच्या दिवसांत ती बघत होती, आणि हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

दुसरं उत्तर सरकार, आणि इथे गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. अमेरिकेचं वनखातं १९०५ साली स्थापन झालं. त्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो. हा तरुणपणी, १८८९ साली, वनशास्त्र शिकायला युरोपात गेला, कारण अमेरिकेत ते शिकवणारं कुणी नव्हतं. तिथे त्याला गुरू भेटले ते डीट्रिश ब्रँडिस. ब्रँडिस म्हणजे हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल! आधी ब्रह्मदेशातले साग, मग १८६४ पासून अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानची जंगलं त्यांच्या हाताखाली होती. निवृत्त होऊन बॉनला राहत होते. काय शिकावं, कुठे शिकावं, हे पिंशोने त्यांना विचारून ठरवलं आणि जन्मभर त्यांचं ऋण मानलं.

ब्रँडिसच्या काळातच सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आग पूर्ण बंद ठेवण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला होता. तोवर गोंड, बैगा, कोरकू रान जाळून शेती करायचे, मोहाची फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळायचे, गुरांसाठी नवं गवत यावं म्हणून माळ जाळायचे. इंग्रज अधिकाऱ्यांना यात फक्त नासधूस दिसली. जाळरेषा आखल्या गेल्या, पहारेकरी नेमले गेले, आणि १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं. १९२७चा कायदाही तेच म्हणतो. आग म्हणजे अडाण्यांचं काम, आग विझवणं म्हणजे शास्त्र, ही समजूत युरोपातल्या वनशास्त्रातली. तिचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याकडे झाला, आणि त्या प्रयोगातून तयार झालेला माणूस अमेरिकेच्या पहिल्या वनप्रमुखाचा गुरू झाला. टूसॉनच्या डोंगरावरच्या जळक्या खोडाचा एक धागा असा सातपुड्यापर्यंत जातो.

हे मी मामांना डबा खाताना सांगितलं. (मामीने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खिंडीतला वारा असा की चटणी उडू नये म्हणून पाठ करून बसावं लागलं.) ब्रँडिसचं नाव त्यांना अर्थातच माहीत होतं. प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात ते येतं म्हणाले. पण पिंशोचा भाग नवा होता. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग जाळरेषेबद्दल बोलू लागले.

"जाळरेषा कशी करतात माहितीये का तुला? हिवाळ्यात पट्टा कापायचा, कापलेलं वाळू द्यायचं, आणि मग फेब्रुवारीच्या आत ते जाळून टाकायचं. म्हणजे आम्हीपण जाळायचोच रे. रेषेत जाळायचो, एवढंच. मोहाखाली पाला जाळणारी बाई सापडली की तिच्यावर केस. आणि पाला तोच."

मी विचारलं, मग ते चूक होतं का?

"असं कसं म्हणशील? मोहाखालची आग तिथेच थांबत नाही. एप्रिलमध्ये ती सुटली की चार-चार कंपार्टमेंट जाळून जाते, सागाची, बांबूची कोवळी रोपं संपतात. मी पोळलेली पिल्लं पाहिलीत. आग चांगली असं मला कुणी सांगू नये. पण..." इथे ते थांबले आणि समोरच्या काळ्या-रुपेरी उताराकडे बघत म्हणाले, "पण इतकं साठू दिलं तर असंच होणार. हे कुठलंही जंगल असो."

अमेरिकेत साठू दिलं गेलं ते असं. ऑगस्ट १९१०मध्ये आयडाहो-माँटानात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जळले, ८५च्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुतेक आग विझवायला गेलेली. पाच वर्षांच्या कोवळ्या खात्याच्या मनावर ती आग कायमची कोरली गेली. १९३५ साली नियम झाला: कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. नाही आली तर त्याच्या पुढच्या दिवशी दहाच्या आत. १९४४ साली टोपी घातलेलं स्मोकी नावाचं अस्वल पोस्टरवर आलं, आणि वणवा हा शत्रूच, हे लहान मुलांनाही पाठ झालं. 'सकाळी दहा'चा नियम जायला १९७८ साल उजाडलं.

खेदाची गोष्ट ही की हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं असं नाही. अल्डो लिओपोल्ड, जो पुढे अमेरिकेतला पर्यावरणविचाराचा मोठा माणूस झाला, तो १९०९ साली तरुण वनाधिकारी म्हणून ॲरिझोनात आला. १९२० साली त्याने जमिनीलगतच्या हलक्या आगी लावू द्याव्यात असं म्हणणाऱ्यांविरुद्ध लेख लिहिला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२४ साली, त्यानेच दक्षिण ॲरिझोनाच्या टेकड्यांवरचं गवत, झुडुपं, झाडं आणि आग यांच्यावर दुसरा लेख लिहिला. जुन्या बुंध्यांवरचे आगीचे व्रण त्याने पाहिले होते. पूर्वी इथे वारंवार आग यायची, गवत टिकायचं, झुडुपं दबून राहायची. गुरांनी गवत संपवलं, आगी थांबल्या आणि झुडुपांनी जमीन घेतली, असं त्याने मांडलं. प्रयोगशाळा निघायच्या तेरा वर्षं आधी. 'सकाळी दहा'च्या नियमाच्या अकरा वर्षं आधी! लेख छापला गेला, वाचलाही गेला असेल. धोरण आपल्या वाटेने गेलं.

मग शंभर वर्षांची दाटी. जिथे एकरी थोडी मोठी झाडं होती तिथे शेकडो बारकी झाडं खेटून उभी राहिली, खाली सुयांचा आणि फांद्यांचा थर. आता ठिणगी पडली की आग जमिनीवर राहत नाही, बारक्या झाडांची शिडी करून शेंड्यांवर चढते. जाड साल असून पाँडरोसाला तिथे काही करता येत नाही. त्यात दुष्काळ. २००० ते २०२१ ही बावीस वर्षं या प्रदेशात किमान बाराशे वर्षांतली सर्वांत कोरडी होती, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. तेही पुन्हा झाडांच्या वर्तुळांवरूनच. आणि एकदा शेंड्यावरून जळालेलं पाइनचं रान सहज परत येत नाही. पाइनचं बी जड, आईपासून फार लांब जात नाही. आई मैलभर दूर असेल तर मधली जागा ओक आणि मांझानिता घेतात, ती मुळापासून फुटतात किंवा आगीनंतरच रुजतात. सतरा वर्षांनी दुसरी आग आली की मधल्या काळात कशीबशी उगवलेली पाइनची रोपं बी धरायच्या आतच जातात. ऑरॅकल रिजवर आम्ही जे झुडुपांचं रान बघत होतो ते पाइनची वाट बघत थांबलेलं नाही. बहुधा तेच आता इथलं जंगल आहे.

डोंगराच्या पायथ्याशी गोष्ट बरोबर उलटी आहे. सवारोच्या वाळवंटाला आग ठाऊकच नव्हती. झुडुपांच्या मध्ये उघडी जमीन, आग पळणार कशावर? तिथे १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून मृदसंधारण आणि चाऱ्यासाठी बाहेरून आणलेलं एक गवत पसरलं. इथे त्याला बफेल ग्रास म्हणतात. मामांनी परतताना घाटाच्या खालच्या वळणावर एक काडी तोडली, तुरा चोळून बघितला आणि म्हणाले, "अरे, हे तर अंजन!" खरंच, आपल्या कोरड्या भागात चाऱ्यासाठी नावाजलेलं अंजन गवत ते हेच. आपल्या गुरांचं चांगलं खाणं, आणि इथे सवारोचा काळ. ते मोकळ्या जागा भरून काढतं, वाळतं, पेटतं आणि जळाल्यावर पुन्हा जोमाने फुटतं. सवारो मात्र पहिल्या आठ-दहा वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो, आणि पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. २०२०च्या आगीत पायथ्याचे काही सवारो गेले. त्यांच्या जागी कुणी उभा राहिला तर तो बघायला आपण नसू.

म्हणजे एकाच डोंगरावर वर आग फार थोडी आली म्हणून जंगल गेलं, आणि खाली आग फार येऊ लागली म्हणून वाळवंट जातंय.

मग आता काय करायचं? सांगणं सोपं आहे: ठरवून, हवामान बघून, थोडं-थोडं जाळा. करतातही. पण २०२२ साली न्यू मेक्सिकोत अशाच ठरवून लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या आणि ३ लाख ४० हजार एकरांहून जास्त जळाले, शेकडो घरं गेली. २०२५च्या ४ जुलैला ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावर वीज पडून लागलेली आग सुरुवातीला पूर्ण विझवण्याऐवजी एका मर्यादेत धुमसू दिली गेली, आणि आठवड्याभरात वारा फिरून तिथलं जुनं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. असं काही झालं की "दिसली की विझवा" म्हणणाऱ्यांचा आवाज पुन्हा वाढतो. घर ज्याचं गेलं त्याला १७४८च्या व्रणांबद्दल काय सांगणार? आणि न जाळल्याची किंमतही शून्य नाही, ती फक्त पुढच्या पिढीच्या नावावर लिहिली जाते. २०१३ साली ३० जूनला यारनेलच्या आगीत एकाच तुकडीचे एकोणीस जवान गेले. तेही याच साठत गेलेल्या उधारीचे धनी.

मला स्वतःला ब्रँडिस, पिंशो किंवा 'सकाळी दहा'वाले मूर्ख वाटत नाहीत. त्यांनी बेफाम तोडलेली जंगलं पाहिली होती, जळून मेलेली माणसं पाहिली होती, आणि राखणं म्हणजे वाचवणं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. चूक असेल तर ती विचारायचं राहून गेलं यात आहे. सातपुड्यातल्या गोंडांना, इथल्या अपाचींना, आणि डोळ्यासमोर उभ्या असलेल्या बुंध्यांना. बुंधे तर पळूनही जाणार नव्हते!

मामांना मी शेवटी विचारलं की आज पुन्हा नोकरीत असता तर काय वेगळं केलं असतं. त्यांनी थेट उत्तर दिलं नाही (सरकारी नोकरीची सवय, दुसरं काय). चंद्रपूरला परत गेल्यावर मात्र त्यांचा फोन आला. त्यांच्या जुन्या रेंजमधल्या एका गावात ते सहज म्हणून जाऊन आले होते. ज्या घरातल्या आजीवर कधीकाळी त्यांनी मोहाखालच्या आगीची केस केली होती, त्या घरात जाऊन चहा घेऊन आले. आजी आता नाहीत. सुनेला त्यांनी विचारलं की सासूबाई पाला नेमका कधी जाळायच्या, कुठल्या दिशेने, वारा असताना की पडल्यावर. सुनेला सगळं सांगता आलं नाही, पण बरंच आठवलं. मामांनी ते वहीत लिहून आणलंय, तारखेसकट.

त्या वहीचं काय करायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नाही. मी त्यांना म्हटलं, ब्लॉग काढा. तर म्हणतात, तूच टाईप कर. :-)

असो. वहीची पानं व्हॉट्सॲपवर यायला लागली आहेत. अक्षर लागेल तसं इथे टाकत जाईन.